एका रविवारच्या दोन हजेऱ्या

कमलाकरचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. गजर तो लावत नसे. बिरवाडीच्या खोलीत डोळा उघडला की तो आधी उजवा खांदा फिरवून बघे, आणि खांदा फिरला की पाय जमिनीवर ठेवी. तोंडावर पाणी, कोरा चहा, एक आखूड प्रार्थना, आणि साडेचारला महाड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या फाटकात. पाचला भट्टी पेटली तर सातला वाफ. सातला वाफ नसली तर वर प्लँटमधली माणसं हात बांधून उभी राहणार आणि शिव्या खाली बॉयलरवर येणार.

त्याच्या कामाला फायरमन म्हणत. नाव भारदस्त, काम एकच: फावड्याने भट्टीत कोळसा मारणं. मारणं म्हणजे ओतणं नव्हे. ढीग पडला तर मधली आग गुदमरते आणि कडेची जाळी उघडी पडते. फावडं दारातून आत गेलं की मनगटाला असा झटका द्यायचा की कोळसा पार मागच्या भिंतीपर्यंत पातळ पसरला पाहिजे. उजवा हात मागे, दांड्यावर; त्याने ढकलायचं. डावा पुढे, आगीजवळ; त्याने वळवायचं. ताकद उजव्याची, अक्कल डाव्याची. हे ज्याला साधलं नाही तो बारा वर्षं फावडं मारूनही हमालच राहतो.

कमलाकरला ते साधलं होतं. त्याचा जोडीदार रावजी याला त्याच्याहून जास्त साधलं होतं, पण हे कमलाकरने कधी बोलून दाखवलं नाही.

रावजी उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीचा. बिरवाडीत कमलाकरच्या शेजारच्या खोलीत राही आणि आठवड्यातून एकदा, सुट्टीला, घरी जाई. बायको रखमा आणि मुलगी श्रुतिका वाडीवर. कमलाकर मूळचा नगरकडचा, आजोबांपासून ख्रिस्ती. महाडात ख्रिस्ती घरं सात. त्यांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती, तिला प्रार्थनाघर म्हणत. पाळक महिन्यातून एकदा पनवेलहून येत. बाकीचे रविवार देवव्रत सर उपासना चालवत.

सर निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी सवय सुटली नव्हती. उपासनेत ते सगळ्यांकडून बायबलातल्या दहा आज्ञा एका सुरात म्हणवून घेत आणि शेवटी चक्क हजेरी घेत. सलग तीन रविवार जो आला नाही त्याचं नाव लाल शाईत जाई. त्याने सगळ्यांसमोर उभं राहून क्षमा मागेपर्यंत त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस नाही.

कमलाकरचं नाव आठ वर्षांत एकदाही लाल झालं नाही. सर त्याचा दाखला देत. "ऑफिसातली माणसं रविवारी उन्हं अंगावर येईस्तोवर झोपतात आणि हा भट्टीवरचा माणूस बघा!" असं म्हटलं की कमलाकर नम्रपणे मान खाली घाली. खाली बघता बघता, पुढच्या बाकावरच्या पोस्टातल्या माणसाने ते ऐकलं की नाही, तेही बघून घेई. घरी जाताना तो बायकोला, चारुलताला, कोणी या आठवड्यात कितवी आज्ञा मोडली ते सांगे.

"आणि तुमची कितवी?" एकदा तिने विचारलं.

"माझी शोधावी लागेल," तो म्हणाला. आणि खरंच शोधू लागला. सापडली नाही.

आता या आठ वर्षांमागची मेख. कारखान्यात कमलाकरची सुट्टी बुधवारी होती. रविवारी सुट्टी रावजीची. कमलाकरने एकदा कामगार अधिकाऱ्याला विनंती केली होती. साहेब म्हणाले, "एकाचा वार बदलला की उद्या सगळे देव घेऊन येतील." विषय संपला. मग १९९१ च्या एका दुपारी, राख ओढून झाल्यावर, कमलाकर रावजीकडे गेला.

"रावजी, माझ्या देवाची जरा अडचण आहे."

"तुझ्या देवाची अडचन मी काय भागवनार रे? मला माझीच भागत नाय."

"रविवारी काम करणं आमच्यात पाप आहे. तू रविवार घे, मी तुझा बुधवार करतो."

रावजीने तंबाखू मळली. "म्हंजे पाप मला देतोस."

"तुला कशाचं पाप? तुमच्यात नाही ना तसं."

"आमच्या देवांचं वाराचं काय नाय. शिमग्याला पालखी नि गनपतीला पाच दिस, देव खूश. घे तुझा आयतवार. चुना हाय?"

कागदावर काही बदललं नाही. फाटकाशी कार्ड मारायचं यंत्र होतं. रविवारी रावजी कमलाकरचं कार्ड मारी, बुधवारी कमलाकर रावजीचं. बॉयलरच्या अटेंडंटला माहीत होतं, पण त्याला वाफेशी मतलब. अशा रीतीने कमलाकर आठ वर्षं प्रत्येक रविवारी प्रार्थनाघरात हजर होता आणि त्याच वेळी कारखान्यातही हजर होता.

*

१९९९ साली गणपतीच्या आदल्या दिवशी रविवार होता. अर्धा कारखाना सुट्टीवर. सुट्टीच्या वारी भट्टीवर दोघांचं काम एकट्याला पडे, त्या दिवशी ते रावजीला पडलं होतं. ते उरकलं की संध्याकाळच्या एसटीने तो घरी निघणार होता. गणपतीची चार दिवसांची रजा मंजूर होती.

प्रार्थनाघरात हजेरी चालू होती. सरांनी पुकारलं, "कमलाकर."

"हजर."

तेवढ्यात दारात कारखान्याचा जीपवाला आला. पायातल्या चपला काढू की नको या घोळात तो उंबऱ्यावरच उभा राहिला आणि बायकांच्या बाजूला बघून म्हणाला, "चारुलता वहिनी कोण? घाबरू नका वहिनी. कमलाकर भाजलाय. हातावर निभावलंय. दवाखान्यात नेलाय."

चारुलता उठली आणि तिने शेजारच्या बाकाकडे पाहिलं. कमलाकरही उठला होता.

जीपवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरे, तू हितं? मग भाजला कोण?"

सात घरांची माणसं कमलाकरकडे बघत होती. सरांचं पेन हजेरीपुस्तकावर टेकलेलं होतं. त्याच्या नावापुढे नुकताच केलेला 'ह' अजून ओला होता.

झालं होतं ते असं. रावजी भट्टीचं दार उघडून कोळसा मारत होता आणि वीज गेली. धूर ओढून घेणारा पंखा बंद पडला. पंखा थांबला की आग मागे येते, दारातून. दोघं असले तर एक जण मारतो आणि दुसरा दाराच्या साखळीला हात लावून असतो. वीज गेली की दार खाली. एकट्याला साखळी धरता येत नाही. पुढचा हात डावा. मनगटापासून बोटांपर्यंत गेला.

निरोप मिळाल्यावर रखमा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरून आली. दवाखान्याच्या खिडकीवर तिने रावजीचं नाव सांगितलं. तिथल्या पोराने वही बघून सांगितलं, या नावाचा कोणी नाही. ती बाहेर पायरीवर येऊन बसली. नवरा मेला आणि आपल्याला सांगत नाहीत, असं ती धरून चालली. कमलाकर चहा घेऊन आला तेव्हा ती त्याच्या अंगावर धावली.

"भाऊ, कुठं ठेवलाव त्याला?"

"आत आहे वहिनी. जिता आहे. नाव माझं लावलंय."

"तुमचं? का?"

याचं उत्तर लांब होतं. कमलाकरने तिला खाटेपाशी नेलं. खाटेच्या पायाशी पाटी होती: कमलाकर. वर रावजी, डावा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला.

"बस गो," रावजी म्हणाला. "बघ, मी किरिस्ताव झालो. एक रविवार आन सरळ नाव बदललं."

डॉक्टर स्पष्ट बोलले. हात राहील. पण दोन महिने रोज पट्टी, फळीला बांधलेली बोटं आणि मग कातडी लावणं, हे सगळं झालं तर. मधेच सोडलं तर कातडी आखडेल आणि बोटं आत मिटतील. मिटलेल्या बोटांत फावड्याचा दांडा शिरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते खाटेभोवतीच्या तिघांनाही कळलं.

त्याच दुपारी कामगार अधिकाऱ्याने कमलाकरला बोलावलं.

"बस, कमलाकर. हात कसा आहे?"

"माझा? बरा आहे साहेब."

"बरा नाही. भाजलाय. कार्ड तुझं, दवाखान्याचा कागद तुझा, हात तुझाच. दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल. पंधरा दिवसांनी सरकारी निरीक्षक येतील. हाताला पट्टी गुंडाळून समोर बसायचं आणि म्हणायचं, हो, मीच भाजलो. कळलं?"

"आणि रावजी?"

"रावजी रविवारी घरी होता. आता रजेवर आहे. खरं सांगायचं असेल तर सांग. मग दुसऱ्याचं कार्ड मारलं म्हणून दोघंही घरी, आणि सुट्टीच्या दिवशी आत घुसलेल्या माणसाला दवाखाना नाही. विचार कर. तू देवाधर्माचा माणूस आहेस."

*

पण आधी गणपतीचं निघालं. मूर्ती पोलादपुरात सांगून ठेवलेली. रखमाला दवाखाना सोडता येईना, घरात दुसरा पुरुष नाही, आणि गणपती त्याच दिवशी बसायचे.

"कमळ्या," रावजी म्हणाला, "तेवढी मूर्ती वाडीवर पोचव."

मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, ही आज्ञा दुसरी. ती कमलाकरला तोंडपाठ होती.

"नुसतं डोक्यावर घ्यायचं हाय. पाया पड असं कुठं सांगतोय? आंघोळ केलीस ना?"

"केली."

"मग झालं."

पोलादपूरपासून मिळेल त्या गाडीने आणि पुढे चढावर पायी. मूर्ती दीड हाताची, शाडूची. पाटावर ठेवून, कपडा टाकून डोक्यावर घ्यायची. शाडू जड असतो आणि तडकतो. दगडावर पाय घसरला तर हात वर असल्यामुळे तोल सावरता येत नाही, म्हणून पाऊल सपाट टाकायचं आणि मान ताठ. खाली ठेवायची नसते, त्यामुळे विसावा उभ्यानेच. कमलाकर सगळी वाट मनाशी म्हणत होता, आपण माती वाहतोय. माती वाहायला कुठल्याच आज्ञेत बंदी नाही. अर्ध्या चढावर भेटलेल्या दोन म्हाताऱ्यांनी चपला काढून त्याच्या डोक्यावरच्या मातीला हात जोडले. त्याला मान हलवून नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तो चालत राहिला.

वाडीवर श्रुतिकाने दार उघडलं. नऊ वर्षांची. मूर्ती चौरंगावर ठेवल्यावर तिने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमीच का कमलाकर काका? आयतवारवाले?"

"म्हणजे?"

"बाबा आयतवारी येयाचे तेवा मी रांगत होते म्हनं. आता बुधवारी येतात. मी शाळेत असते. मी सुटले की त्यांची यस्टी असते. उतरनीला भेटतो आमी कधी कधी." तिने भांडं परत घेतलं. "तुमच्या घरात बाबा लागतात ना आयतवारी, म्हनून."

कमलाकर उतरायला लागला. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान ताठच होती.

आठवड्याभराने रावजीने त्याला दवाखान्यात गाठलं. दुखणं कमी झालं होतं आणि त्याला गप्पा हव्या होत्या. "ते तुझं शास्त्र आनलंस? आयतवारचं काय लिवलंय ते वाच बघू. मी आठ वरसं पाळतोय, मला कळू तरी दे."

कमलाकरने वाचलं. चौथी आज्ञा: सहा दिवस काम करावं, सातवा देवाचा. त्या दिवशी कोणी काम करू नये. तू नाही, तुझा मुलगा नाही, मुलगी नाही, तुझा गडी नाही, मोलकरीण नाही, तुझी जनावरं नाहीत, तुझ्या दाराशी राहणारा परका नाही.

"थांब," रावजी म्हणाला. "परत वाच."

त्याने परत वाचलं.

"यात मी कोन?"

"कोण म्हणजे?"

"गडी मोकळा. बैल मोकळा. परका मोकळा. सगळी पोरंबाळं मोकळी. मग मीच कसा जुपलेला? बैलाहून खाली काय असतं रे तुमच्यात?"

तो हसत होता. कमलाकरला हसू आलं नाही. ही ओळ त्याने गेली आठ वर्षं दर रविवारी मोठ्याने म्हटली होती, सगळ्यांच्या वरचा आवाज लावून.

"निरीक्षक आला की सायब सांगतो तेच बोल," रावजी पुढे म्हणाला. "तुझा देव समजून घेईल. नाय घेतलं तर मी सांगतो त्याला. हात वाचला पायजे."

रखमा म्हणाली, "भाऊ, पट्टी मी बांधते तुमच्या हाताला. वळखू पन येनार नाय."

"मी प्रार्थना करतो," कमलाकर म्हणाला.

केलीही. तीन रात्री केली. चौथी आज्ञा गेली होती, दुसरी गेल्यात जमा होती. नववी उरली होती, खोटी साक्ष न देण्याची. कार्डाचा खोटेपणा त्याने आजवर यंत्राच्या खात्यावर टाकला होता. आता तोंडाने बोलायचं होतं. एवढी एक तरी धड ठेवायची, असं त्याने ठरवलं. ठरवल्यावर त्याला फार बरं वाटलं. फार बरं वाटतंय याचाच त्याला संशय यायला हवा होता.

*

निरीक्षक अकराला आले. एकच्या आत पुढच्या कारखान्यात पोचायचं होतं. टेबलावर फॉर्म भरून तयार होता, साहेबांनी भरून ठेवलेला. कमलाकर समोर बसला. पट्टी नव्हती. साहेबांचा चेहरा उतरला.

"भाजलेले तुम्हीच?"

"नाही साहेब. माझा हात भाजला नाही."

"दाखवा."

कमलाकरने डावा हात टेबलावर ठेवला. निरीक्षकांनी तो चष्म्यातून पाहिला. उलटा केला. पुन्हा फॉर्म पाहिला.

"एवढ्यात? चांगलीच ट्रीटमेंट दिसते."

"साहेब, मी भाजलोच नव्हतो. त्या दिवशी मी महाडला प्रार्थनेत होतो. भाजला तो रावजी."

"रावजी कोण?"

"जोडीदार माझा."

निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कार्ड पुढे केलं. कार्डावर कमलाकरच्या नावाने रविवारचा पहाटे चार अठ्ठावीसचा शिक्का होता. निरीक्षकांनी शिक्का पाहिला, हात पाहिला, घड्याळ पाहिलं.

"धक्का बसतो माणसाला," ते साहेबांना म्हणाले. "आगीसमोर असं होतं. मी बघितलंय." आणि त्यांनी फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: जखम पूर्ण बरी. कामावर घेण्यास हरकत नाही.

कमलाकरने सगळं खरं सांगितलं होतं. त्यातला एक शब्द कोणी घेतला नव्हता. फक्त हात तेवढा घेतला.

साहेबांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही; काढायचं तर पहिला कागद खोटा ठरला असता. त्यांनी फक्त दवाखान्याला कळवलं, की कमलाकर नावाचा पेशंट निरीक्षकांच्या तपासणीनुसार पूर्ण बरा झालेला आहे, तेव्हा कंपनी यापुढे काही देणार नाही. तीन दिवसांनी कमलाकर बरा होऊन घरी गेला. म्हणजे रावजी, हात गळ्यात बांधून.

रखमाने कमलाकरला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खरं बोललाव. चांगलं झालं." आणि गाठोडं उचललं.

चौथी आज्ञा त्याने रावजीच्या पाठीवर पाळली होती. नववी रावजीच्या हातावर पाळली. हे त्याला त्या गाठोड्याकडे बघताना कळलं. आजवर त्याने आज्ञा पाळल्या त्या सगळ्या दुसऱ्याच्या अंगाने, स्वतःचं काही खर्ची न घालता. हमाल तरी आपलं ओझं आपण उचलतो.

*

मग त्याने जे केलं ते सरळ पाप होतं आणि त्याला ते माहीत होतं.

निरीक्षक येईपर्यंत साहेबांनी वाढवलेली रजा संपली की रावजी कागदावर धडधाकट होता, म्हणजे कामावर यायला हवा होता. दहा दिवस आला नाही की नाव कमी. कमलाकरने रोज पहाटे चार अठ्ठावीसला दोन कार्डं मारायला सुरुवात केली. मागोमाग, खट खट. मग दोघांचा कोळसा एकटा मारी. बुधवारी रावजी म्हणून, रविवारी कमलाकर म्हणून, बाकीचे पाच दिवस दोघं मिळून. साखळी धरायला कोणी नसे, म्हणून त्याने ती आपल्या कमरेला बांधली; वीज गेली तर नुसतं मागे उडी टाकायची, दार आपोआप खाली. दर अर्ध्या तासाला राख बघायची, ती वेळ त्याने पंधरा मिनिटांवर आणली, कारण दमलेला माणूस कोळसा जाड मारतो आणि आग गुदमरते. अटेंडंट वाफ बघे. साहेबांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांना ते ठाऊक नसणंच सोयीचं होतं. रावजीच्या कार्डावरचा पगार रखमाकडे जाई. कमलाकरच्या पगारातलं घरखर्चापुरतं चारुलता ठेवी आणि उरलेलं रावजीच्या हातासाठी एका डब्यात टाकी.

प्रार्थनाघरात तीन रविवार गैरहजेरी लागली. चौथ्या रविवारी सरांनी हरवलेल्या मेंढरावर बोलायचं ठरवलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. संध्याकाळी चारुलता म्हणाली, "आज तुमच्यावर होतं."

"काय म्हणाले?"

"तुम्ही भटकलात."

कमलाकर फावड्याच्या दांड्याने पडलेले फोड मोजत होता. "बरोबर आहे," तो म्हणाला.

त्याच मंडळीत चंद्रभागाबाई होत्या, निवृत्त नर्स. त्यांनी सांगितलं की रावजीला रविवारी उपासनेनंतर घेऊन या, मी पट्टी करीन, फुकट. म्हणून रावजी शनिवारी खाली येऊ लागला आणि रविवारी पट्टीच्या आधी मागच्या बाकावर बसू लागला. गाणी त्याला आवडली. दहा आज्ञा म्हणताना तो ओठ हलवी. चौथीला थांबे आणि आजूबाजूला बघे.

असा एक रविवार आला. आज्ञा झाल्या, हजेरी सुरू झाली. सर लाल शाईतलं नावही पुकारत. उत्तर येत नसे, मग शून्य काढत. शाळेतही त्यांनी कोणाचं नाव वगळलं नव्हतं.

"कमलाकर."

चारुलता मांडीवरच्या रुमालाकडे बघत होती.

"हजर!" मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रावजी उभा होता. पट्टीचा हात वर केलेला, शाळेतल्या पोरासारखा.

सरांनी चष्मा सरळ केला. "रावजी, मी कमलाकरचं नाव घेतलं."

"व्हय सर. तो भट्टीवर हाय. माझं काम करतोय. मग त्याची हजेरी मी मारतो. आमचं तसं ठरलेलं हाय, एक्यान्नवपासनं."

"अहो, पण हे खोटं होईल."

"थोडं व्हईल," रावजीने मान्य केलं. "पन सर, तुमी आठ वरसं त्याचा 'ह' काढलाव, तवा भट्टीवर कोन होता ते तुमी कधी इचारलं नाय. एवढं मोठं चाललं, तर हे बारीक चालवा."

कोणीतरी हसलं. पोस्टातला माणूस असावा. सर हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही गैरहजर मुलाला हजर दाखवलं नव्हतं, अगदी शाळा तपासणीलाही नाही. त्यांनी हजेरीपुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं, शेजारच्याला दिसू नये असा हात आड धरला आणि काहीतरी लिहिलं. मग घसा साफ करून पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी चारुलताने हे सांगितलं तेव्हा कमलाकर जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"काय लिहिलं सरांनी?"

"दिसलं नाही."

"लाल की निळं?"

"निळं पेन होतं."

मग तो म्हणाला, "सरांनी मोडलेली ही पहिलीच असेल," आणि जेवायला लागला.

दीड वर्षात सत्तर-ऐंशी रविवार गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर कमलाकरचा उजवा खांदा पहाटे फिरेनासा झाला, तेव्हा तो त्याला विचारायचं सोडून सरळ उठू लागला. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका इस्पितळात रावजीच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. उन्हाळ्यानंतर तो भट्टीवर आला. पहिलं फावडं त्याने आत मारलं तेव्हा कमलाकर साखळीला हात लावून उभा होता. कोळसा मागच्या भिंतीपर्यंत गेला, पातळ.

"जमतंय रे," रावजी म्हणाला. "आन तुझं कार्ड. जा आता आयतवारी देवाकडं."

"नको. कागदावर रविवार तुझा आहे. तू घरी जा. श्रुतिकाला शाळा नसते."

"आनि तुझं पाप?"

"माझं मी मारतो."

कमलाकर निवृत्त होईपर्यंत रविवारी कामावर होता. त्याचं नाव लाल शाईतच राहिलं, उभं राहून क्षमा मागायला त्याला रविवार मिळालाच नाही. बुधवारी दुपारी सर प्रार्थनाघराचं कुलूप काढून देत. तो एकटा बसे. सर बाहेर पायरीवर पेपर वाचत. हजेरी घेत नसत.

आणि त्या डब्यातल्या पगाराचं झालं ते एवढं: रावजीच्या डाव्या हाताची मिटलेली चार बोटं होती, त्यातली तीन उघडली. करंगळी तशीच राहिली. फावडं धरायला करंगळी लागत नाही.